आधी रेशन कार्ड उघडा, पोराचं नाव आहे का बघा

मराठवाड्यातल्या एका खाजगी रुग्णालयात मी सहा वर्षं आरोग्यमित्र होते, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत रुग्णाची नोंद करून देणारी. जिन्याखाली माझं टेबल, त्यावर एक कॉम्प्युटर, अंगठा घ्यायचं मशीन, मागे योजनेचा फ्लेक्स. समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ताई, आम्ही यात बसतो का?"

बसता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आधी अटी होत्या. पिवळं कार्ड, अंत्योदय, अन्नपूर्णा, एक लाखापर्यंत उत्पन्न असलेलं केशरी कार्ड, आणि आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी. जुलै 2024 पासून पांढरं कार्डही चालतं, आणि कार्डच नसेल तर महाराष्ट्राचा अधिवास दाखला चालतो. अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख. हप्ता भरायचा नाही, फॉर्म नाही, आजार जुना असला तरी अडवणूक नाही.

तरी माझ्या टेबलावरून माणसं परत जायची. बहुतेक वेळा उत्पन्नामुळे नाही, रेशन कार्डावर नसलेल्या किंवा चुकलेल्या नावामुळे. आणि ते नाव बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं असायचं.

म्हणून हे वाचून होईपर्यंत थांबू नका, कपाटातून रेशन कार्ड काढा. आतल्या पानावर कुटुंबातल्या माणसांची यादी असते. आजोबा असतात, वारून चार वर्षं झालेली आजी असते, लग्न होऊन गेलेली नणंदही असते. नातवंडं नसतात. पोर शाळेत जायला लागलं तरी कुणाला सुचत नाही, कारण धान्य तर मिळतंय. आणि असलंच नाव, तर ते "छकुली" असं असतं. आधारवर आराध्या, कार्डावर छकुली. रेशन दुकानदार ओळखतो, कॉम्प्युटर ओळखत नाही.

नाव वाढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा. पोराचा जन्मदाखला, आधार, मूळ रेशन कार्ड. जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी असेल तर आधी ते काम करा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पहिल्या वर्षात नाव फुकट चढतं, नंतर विलंब शुल्क लागतं, आणि 15 वर्षांनंतर दार बंद. दाखल्यावर, आधारवर आणि रेशनवर नावाची अक्षरं सारखी ठेवा. बारशाला चार नावं ठेवा हवी तर, कागदावर एकच.

आता खरी गाठ. पोराचं नाव चढत नाही, कारण आईचंच नाव त्या कार्डावर नसतं. ते अजून माहेरच्या कार्डावर. सुनेचं नाव चढवायला माहेरच्या तहसीलातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. सासर परतूर, माहेर गंगाखेड, नवऱ्याला सुट्टी नाही, की राहिलंच ते. माझ्याकडे एक बाई तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन आली होती, कोपराचं हाड मोडलेलं. कार्डावर ना तिचं नाव, ना पोराचं. सासू म्हणाली, "अहो, ती आमचीच सून आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे." गल्लीला माहीत होतं हो, पोर्टलला नव्हतं. शेवटी जन्मदाखल्यावर बापाचं नाव होतं आणि बाप कार्डावर होता, त्यावर निभावलं. पण त्या धावपळीत पोर दोन दिवस कच्च्या प्लास्टरमध्ये रडत होतं. मुलीचं लग्न झालं की महिनाभरात तिचं नाव कमी करून दाखला तिच्या हातात द्या, आहेरात साडी एक कमी चालेल.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा प्रश्न वेगळा. त्याचं नाव कार्डावर असणारच कसं? तिथे जन्माचा दाखला, आई किंवा बापाबरोबर बाळाचा फोटो, त्या पालकाचं ओळखपत्र आणि रेशन कार्ड एवढ्यावर काम होतं. काचेच्या पेटीतल्या बाळाच्या शेजारी उभं राहून, मास्क खाली ओढून फोटो काढणारे किती बाप बघितले. कुणी नाही म्हणालं तर हा नियम शांतपणे सांगा.

आयुष्मान कार्डाबद्दल लोकांचा गोंधळ होतो. ते केंद्राच्या योजनेचं. महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालतात, त्यामुळे आयुष्मान कार्ड निघालं नाही म्हणून घाबरू नका, रेशन कार्डावर फुले योजना आहेच. पण निघत असेल तर जरूर काढा. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव असेल, किंवा अंत्योदय, प्राधान्य गटातलं कार्ड असेल तर निघतं. गावातली आशाताई मोबाईलवरच्या ॲपमध्ये काढून देते, सेवा केंद्रातही निघतं. घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं, पोरांचंही. दिवाळीनंतर ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्यांनी तर पोरांची कार्डं काढल्याशिवाय ट्रॅक्टरवर चढू नये. फुले योजना महाराष्ट्रापुरती, आयुष्मान कार्ड तिथल्या योजनेतल्या दवाखान्यातही दाखवता येतं.

आणखी एक दार लहान मुलांसाठी आहे, ते बहुतेकांना दिसतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 साली आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झालेला. त्याचं डॉक्टरांचं पथक गाडीतून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल असं काही सापडलं तर ते पुढे पाठवतात आणि शस्त्रक्रिया फुकट होते. त्या दिवशी पोराला शेतात नेऊ नका. बाळ दूध पिताना थकतं, ओठ निळे पडतात, असं काही वाटत असेल तर अंगणवाडीताईला आधीच सांगून ठेवा.

आता दवाखान्याचं. योजनेतल्या दवाखान्याला अंगीकृत रुग्णालय म्हणतात. बोर्ड दिसला म्हणून आत शिरू नका, तुमच्या आजारासाठी तिथे योजना आहे का ते विचारा. एखाद्या ठिकाणी हाडांसाठी असते, लहान मुलांच्या हृदयासाठी नसते. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. 155388 वर फोन लावा, जवळचं रुग्णालय सांगतात. फोन फुकट आहे. आत गेल्यावर केसपेपरच्या खिडकीआधी आरोग्यमित्राकडे जा, हा क्रम मोडू नका. पैसे भरून झाले, मग कार्ड दाखवलं, तर ते परत मिळवताना जीव जातो. ही योजना बिल भरून मागून घ्यायची नव्हेच.

आरोग्यमित्र नोंद करतो, मग रुग्णालय डॉक्टरचे कागद, एक्सरे, रिपोर्ट वर पाठवतं. एरवी दिवसभरात मंजुरी येते. कधी "क्वेरी" पडते, म्हणजे वरून काहीतरी मागतात. नातेवाईक तेव्हा मला शिव्या द्यायचे. क्वेरी म्हणजे नकार नाही, बहुतेक वेळा एखादा फोटो धूसर असतो. अपघात असेल, पोर तापात झटके देत असेल, तर कागदासाठी उपचार थांबत नाहीत. फोनवर कळवून सुरू करतात, कागद आणायला 72 तास मिळतात.

बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, साधा ताप, खोकला यात येत नाही, त्यावर भांडू नका. मात्र मंजुरीनंतर औषध, चाचण्या, रोपण करायचं साहित्य, रुग्णाचं जेवण हे सगळं पॅकेजमध्ये असतं. घरी सोडल्यावर 10 दिवसांची औषधंसुद्धा, आणि घरी जायचं एसटीचं भाडं, जे मी सांगेपर्यंत जवळजवळ कुणीच मागितलं नाही. मी जिथे होते तिथेच एका बापाला आतून सांगितलं होतं, "पट्टी चांगली हवी तर चार हजार वेगळे." त्याने दिले, पावती नव्हती. नंतर माझ्याकडे आला, मी काय करणार? आधी आला असता तर योजनेच्या जिल्हा समन्वयकाला फोन लावला असता. आमचा पगार रुग्णालय देत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि निर्धास्त विचारा. कुणी पैसे मागितले तर "लेखी द्या" म्हणा. दहातले आठ तिथेच गप्प होतात.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा: मूळ रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, पोरांचे जन्मदाखले, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. आधारला जोडलेला मोबाईल कुणाकडे आहे ते घरात माहीत असू द्या. ओटीपी नेहमी पुण्याला गेलेल्या दिराच्या फोनवर जातो, आणि दीर नेमका दुसऱ्या पाळीला असतो.