पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही? आधी ग्रे वायर तपासा

गेल्या लग्नसराईत पत्रिका छापणारे एक दादा कॅबिनेट काखेत घेऊन मिरजेतल्या माझ्या दुकानात आले. "ताई, मदरबोर्ड गेलाय म्हणे. नवीन केवढ्याला पडेल?" दुसरीकडे दाखवून झालं होतं. रॅमही बदलून झाली होती. बटण दाबलं की पंखे फिरायचे, लाइट लागायचा, पण बीप नाही आणि डिस्प्लेही नाही. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि मल्टिमीटर काढला. बोर्ड गेला असं म्हणण्याआधी एक वायर मोजायची असते, आणि नेमकी तीच कोणी मोजत नाही.

ती म्हणजे एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, 24 पिनी कनेक्टरमधली 8 नंबरची ग्रे वायर. तिच्यावर पॉवर गुड सिग्नल येतो. एसएमपीएस चालू झाला की 12, 5 आणि 3.3 व्होल्ट स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. एसएमपीएस आतल्या आत ते तपासतो, आणि सगळं ठीक असेल तर साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांनी ग्रे वायरवर 5 व्होल्टच्या आसपास देतो. तोपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. म्हणून सिग्नल आलाच नाही तर पंखे फिरत राहतात, पण प्रोसेसर जागचा हलत नाही. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीतही हा सिग्नल होता.

मोजायचं असं. कनेक्टर बोर्डला लावलेलाच ठेवा. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर घ्या. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरच्या मागून आत सरकवा आणि लाल प्रोब ग्रे वायरच्या मागून. आतल्या धातूला टेकल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. वरवर टेकवलं तर शून्य दिसतं आणि आपण उगाच चुकीच्या वाटेला लागतो. प्रोब जाड असेल तर टोकाला शिवणकामाची सुई बांधा, मात्र ती शेजारच्या पिनला लागू देऊ नका. ग्रेच्या शेजारी जांभळी वायर आहे. मशीन बंद असलं आणि फक्त प्लगचा स्विच चालू असला तरी तिच्यावर 5 व्होल्ट हवेत. ते नसतील तर स्टँडबायचाच, म्हणजे मशीन बंद असताना मिळणाऱ्या विजेचाच, घोळ आहे, आधी तो बघा.

आता बटण दाबा. पिवळी 11.4 ते 12.6, लाल 4.75 ते 5.25, नारिंगी 3.14 ते 3.47 या हद्दीत हवी. मग ग्रे. नियमाप्रमाणे 2.4 च्या वर असलं की सिग्नल आहे असं धरतात, पण चांगल्या एसएमपीएसवर 5 च्या जवळपासच दिसतं. बाकीच्यांपैकी एखादी हद्दीबाहेर असेल तर ग्रेला दोष देऊ नका, तिने सिग्नल अडवून आपलं काम चोख केलंय. अशा वेळी बहुतेकदा आत फुगलेले कपॅसिटर सापडतात.

त्या दादांच्या मशीनवर 12.08, 5.07, 3.31 आलं आणि ग्रेवर 0.02. म्हणजे सगळे व्होल्ट ठीक, फक्त निरोप पोचत नव्हता.

इथे अजून एक खात्री करावी लागते, कारण खराब बोर्डही ही लाइन खाली ओढू शकतो. प्लग काढा, कनेक्टर बोर्डातून सोडवा, हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा, म्हणजे बोर्डाशिवायच एसएमपीएस चालू होतो, मग प्लग लावा. लोड म्हणून, म्हणजे वीज खायला, एखादी जुनी हार्डडिस्क जोडा, काही जुने एसएमपीएस रिकामे नीट चालत नाहीत. आता ग्रे 5 वर गेली, तर संशय बोर्डावर, किंवा लोड आल्यावर एखादा व्होल्ट पडतोय. चांगला एसएमपीएस लावून बघितलं की लगेच कळतं. इथेही शून्यच राहिली, तर दोष एसएमपीएसचा. आमच्याकडे शून्यच राहिली.

मग मी ग्रे वायर हलवली, एसएमपीएसमधून जिथे बाहेर येते त्या भोकाजवळ. आकडा 0.02 वरून 4.9 ला उडाला आणि परत खाली आला. माझा जीव भांड्यात पडला. प्लग काढून झाकण उघडलं, मोठा कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री केली आणि आतली सर्किटची पाटी उलटी केली. ग्रे वायरच्या सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर होती. भिंगाखाली स्पष्ट दिसली, नुसत्या डोळ्यांना नाही. जुनं सोल्डर ओढून काढलं, फ्लक्स लावून नव्याने टाका मारला. संध्याकाळी दादांच्या मशीनवर पत्रिकेची फाइल उघडली होती.

झाकण उघडायचं काम मात्र शिकलेल्यानेच करावं. आपल्या 230 व्होल्टवर त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 च्या आसपास डीसी असतो, काही एसएमपीएसमध्ये त्याहून जास्त, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. मी आयटीआयमध्ये हे शिकले, तरी आजही मीटर लावल्याशिवाय आत बोट घालत नाही. सवय नसेल तर सरळ दुसरा एसएमपीएस बसवा, त्यात कमीपणा नाही.

एक मात्र कधीच करू नका: ग्रे वायर कापून लाल किंवा जांभळीला जोडणं. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून काही जण करतात. मला याचा खरोखर राग येतो. व्होल्ट घसरला तरी मग बोर्डाला सूचना मिळत नाही, आणि नेमकी हार्डडिस्क काही लिहीत असेल तर डेटा जातो. एखाद्याचं वर्षांचं काम असतं त्यात.

आणि मशीन पहिल्या झटक्यात उठत नाही, पण रीसेट दाबल्यावर उठतं, असं होत असेल, तर बहुधा सिग्नल येतोय पण फार लवकर, व्होल्ट स्थिर व्हायच्या आधीच. मल्टिमीटरला एवढ्या कमी वेळातला फरक दिसत नाही. तिथे मी मोजत बसत नाही, खात्रीचा एसएमपीएस लावून चार-पाच वेळा थंड मशीन चालू करून बघते.