हात आखडता असताना घराचं काम: थांबे आधी ठरवा

अर्धवट पडलेली घरं बहुतेक वेळा चुकीच्या जागी थांबलेली असतात. पैसे संपले म्हणून काम थांबलं, यात नुकसान थोडं. पायाचे खड्डे काढून, सळ्या बांधून किंवा नुसते कॉलम उभे करून थांबलं, की पुढचा प्रत्येक पावसाळा त्यातला पैसा खातो. मंदीत काम काढायचं तर नकाशाबरोबर थांब्यांची यादीही कागदावर हवी. हातातली रक्कम पुढच्या थांब्यापर्यंत पुरत नसेल तर तो टप्पा सुरूच करू नये.

कुठे थांबता येतं

पहिला आणि सगळ्यात चांगला थांबा म्हणजे जोतं, म्हणजे पायावर जमिनीच्या वर आलेला चौथरा. खरं तर जोत्यावर एक पावसाळा काढणं फायद्याचंच असतं, कारण आतली भर पाणी पिऊन नीट बसते. त्यासाठी भर मुरमाची हवी, १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून). खोदलेली काळी माती फुकट पडलेली असते म्हणून तीच आत ढकलली जाते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि दोन-तीन वर्षांत फरशी उचलते. फरशीच्या तक्रारींचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं. वाळवीचं औषध भर बसल्यावर आणि वरचा कोबा टाकण्याआधी मारतात. नंतर ते काम दुप्पट खर्चाचं.

जोत्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्रात नगररचना कायद्याखालची बांधकाम परवानगी एक वर्षाची असते. ती वर्षावर्षाने वाढवून मिळते, पण वाढीव मुदत तीन वर्षांपलीकडे जात नाही. तोवर काम जोत्यापर्यंतही आलं नसेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून पैसे कमी असले तरी मुदतीत जोतं उरकून घ्यावं.

दुसरा थांबा स्लॅब, पण नुसता स्लॅब नव्हे. कठडा, उतार आणि पाणी जायचे पाइप झाल्याशिवाय त्याला थांबा म्हणू नका. तिसरा थांबा वीटकाम आणि बाहेरचा गिलावा. घर बाहेरून बंद झालं की आतलं काम वर्षभर रखडलं तरी बिघडत नाही.

बाहेर राहिलेल्या सळ्यांचं काय? पुढे मजला चढवायचा किंवा कॉलम वाढवायचे म्हणून ठेवलेल्या सळ्यांना आधी सिमेंटच्या घट्ट पाण्याचे दोन हात द्या. मग त्या १:४:८ च्या (सिमेंट, वाळू, खडी) हलक्या काँक्रीटमध्ये किंवा जाड पाइपमध्ये सिमेंट-वाळूचा मसाला भरून झाकून टाका, वरचं तोंडही बंद करा. जोडासाठी सळईच्या व्यासाच्या साधारण ५० पट लांबी बाहेर लागते, म्हणजे १६ मिमीच्या सळईला ८०० मिमी. नक्की आकडा आणि जोडाची जागा इंजिनिअरच्या नकाशातूनच घ्यावी. सळ्या वाकवून ठेवायच्या आणि नंतर सरळ करायच्या, हे टाळा. वाकाशी पोलाद कमजोर होतं. गावोगाव गच्च्यांवर वीस-वीस वर्षं उघड्या उभ्या असलेल्या सळ्या दिसतात. त्यांच्या कडेने पाणी थेट खालच्या कॉलममध्ये उतरतं आणि मजला चढायच्या आधी खालचंच घर खराब होतं. काम पुन्हा सुरू करताना हलका तांबूस गंज तारेच्या ब्रशने जातो. पापुद्रे सुटत असतील तर सळईची जाडी मोजून इंजिनिअरला दाखवा.

स्लॅब: सगळं सामान हातात असेल तरच

स्लॅब एका दिवसात पूर्ण व्हायला हवा. अर्ध्यावर सिमेंट संपलं की पडणारा सांधा आयुष्यभर गळतो. ६०० चौरस फूट आणि ५ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे २५० घनफूट काँक्रीट. १:१½:३ च्या मिश्रणात त्याला ५७ गोणी सिमेंट लागतं. सांडलवंड धरून ६० मागवा. वाळू साधारण १ ब्रास (१०० घनफूट), खडी २ ब्रासहून थोडी जास्त. बीमचं सामान वेगळं. लोखंड ५ ते ६ क्विंटलच्या आसपास जातं, पण ते नकाशावरून काढावं, अंदाजाने नाही.

पाण्यावर कोणाचं लक्ष नसतं आणि नुकसान तिथेच होतं. एका गोणीला २५ ते २७ लिटर पाणी पुरे, त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. कोकणात आणि किनाऱ्याजवळ २५ च्या वर जाऊ नका. माल सहज पसरावा म्हणून बिगारी बादलीभर पाणी वाढवतो, आणि तेवढं पाणी नंतर सुकून काँक्रीटमध्ये पोकळ्या ठेवतं.

मंदीत सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साइटवर लवकर हलवायच्या असतात. तुम्ही दिवस मोजा. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. बीमला ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत. बाजारात सर्रास मिळणारं फ्लाय अॅश मिसळलेलं सिमेंट हळू घट्ट होतं, तेव्हा त्यात आणखी काही दिवस धरा आणि वरती आळी करून पाणी किमान १० दिवस साठवा.

काय साठवावं, काय साठवू नये

भाव पडला म्हणून सिमेंट भरून ठेवणं हा तोट्याचा सौदा. तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते, पावसाळ्यात त्याहून लवकर. तीन-चार आठवड्यांपुरतंच घ्या आणि गोणीवर छापलेला आठवडा व वर्ष पाहून उतरवा. गोण्या फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहापेक्षा उंच थर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ठेकेदाराचा अंदाज त्याआधीचा असेल तर तो नव्याने मागा.

लोखंड टिकतं, पण त्याचे भाव वेडेवाकडे हलतात. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं. त्या काळात घाईने साठा केलेल्यांचे हात पोळले. फक्त पुढच्या टप्प्याचं लोखंड घ्या आणि वजन करून घ्या. १२ मीटरची ८ मिमी सळई ४.७ किलो, १० मिमी ७.४, १२ मिमी १०.७ आणि १६ मिमी १९ किलो भरते. थोडा फरक चालतो. पण नगावर विकत घेतलेली ८ मिमी सळई ४.२ किलो भरली, तर स्वस्ताई कुठून आली ते कळतं.

वाळू आणि खडी ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी टेप लावून आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजा, गुणाकाराला १०० ने भागा. फरशीचा नियम उलटा: घ्यायची उशिरा, पण घ्यायची सगळी एकदम, १० टक्के जास्त धरून. नंतर त्याच नंबरची, त्याच छटेची पेटी मिळत नाही.

ठेका आणि बँक

काम कमी असलं की दर खाली येतात, आणि खालच्या दराने काम घेणारा एका वेळी चार साइट धरतो. तुमचा अॅडव्हान्स दुसऱ्याच्या स्लॅबला जातो. म्हणून अॅडव्हान्स आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त नको, बाकी पैसे टप्पा झाल्यावर. नुसत्या मजुरीचा ठेका असेल तर वाटणी साधारण अशी लिहिता येईल: जोतं २० टक्के, स्लॅब ३०, वीटकाम १५, गिलावा २०, उरलेल्या कामाला १०, आणि ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. मालकाने ठरलेल्या थांब्यावर काम थांबवलं तर हिशेब तिथपर्यंतच मिटेल, हे वाक्य करारात असलंच पाहिजे. चौरस फुटात बाल्कनी, जिना, पाण्याची टाकी धरायची की नाही, तेही लिहा. भांडणं बहुधा त्यावरून होतात.

बँक कर्ज टप्प्याटप्प्याने सोडते आणि तोवर व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, त्यामुळे बँकेचे टप्पे तुमच्या थांब्यांशी जुळवून मागा. फार रेंगाळू मात्र नका. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर मिळणारी २ लाखांपर्यंतची वजावट, कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं तरच मिळते. नाहीतर ती ३०,००० वर येते.

जुन्या घराची दुरुस्ती

थोडेच पैसे असतील तर क्रम असा: गळती, मग वायरिंग, मग बाथरूम. रंग आणि किचनचं फर्निचर शेवटी. ओल्या भिंतीवर दिलेला रंग एका पावसाळ्यात पोपडे धरतो.

ओल कुठून येते ते आधी शोधा. बाथरूम दोन दिवस न वापरताही खालची ओल तशीच राहिली तर संशय नळाला पाणी आणणाऱ्या पाइपवर. वापर थांबवल्यावर ती सुकायला लागली तर फरशीचे सांधे किंवा नाहणी (पाणी निघून जायची जागा). गच्चीसाठी पाइपची तोंडं बंद करून २ इंच पाणी ४८ तास उभं करा आणि खालून खडूने डाग आखत जा. स्लॅब आधीच खचलेला किंवा सळ्या दिसत असतील तर पाणी भरू नका.

गच्चीचं काम फेब्रुवारी ते मेमध्ये, पृष्ठभाग कोरडा असताना करायचं. भेगा व्हीच्या आकारात खोदून पॉलिमर मसाला भरा, कठड्याशी वाटा (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई) करा, मग जाळी घालून वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे दोन हात. गच्चीवरच्या जुन्या कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) दुसरा कोबा चढवण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतील. ४ इंचांचा विटांचा कोबा १०० चौरस फुटांना जवळपास पावणेदोन ते दोन टन भरतो, आणि तीस वर्षांच्या स्लॅबवर हे ओझं टाकायचं नसतं. आधीचा काढा, नाहीतर हलका लेपच द्या.

छताचे पोपडे पडून सळई दिसत असेल तर वरून गिलावा थापू नका. गंज आत वाढत राहतो आणि नवा थर वर्ष-दोन वर्षांत सुटतो. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडा, गंज चकचकीत होईतो काढा, गंजरोधक लेप द्या आणि मग पॉलिमर मसाल्याने भरा. सळईची जाडी पाव हिश्शाने गेली असेल तर इंजिनिअर आल्याशिवाय हात लावू नका.

पैसे वाचवायची खरी जागा तोडफोडीत आहे. फरशी पक्की असेल, नाण्याने ठोकून पोकळ आवाज येत नसेल आणि खाली गळती नसेल तर तिच्यावरच चिकटवणीने नवी फरशी बसते. उंची १२ ते १५ मिमी वाढते, तेवढे दरवाजे खालून तासून घ्यावे लागतात. सागाच्या जुन्या चौकटी कधीच भंगारात देऊ नका. तासून, पॉलिश करून त्या नव्या दारांना चालतात. फुटक्या विटाही टाकायच्या नाहीत, कोब्याला त्याच लागतात.