बाजारात बसते ती, कागदावर नाव त्याचं: महिला विक्रेत्यांच्या बाबतीत या चुका टाळा

गिरणाऱ्याकडून, हरसूल-पेठकडून पालेभाजी घेऊन येणारी बाई नाशिकमध्ये पाटी खाली टेकवते तेव्हा नीट उजाडलेलंही नसतं. मेथी, शेपू, कोथिंबीर आणि पावसाळ्यात रानभाज्यांचे वाटे. दहा-साडेदहाला माल संपवून तिला परतीची गाडी गाठायची असते. नेमक्या त्याच वेळी बाजाराचं व्यवस्थापन करणारी मंडळी ऑफिसात येऊन पंखा लावतात. नाशिकच्या बाजारांत बायकांसाठी जे काही ठरतं आणि फसतं, त्यातलं निम्मं या वेळेच्या चुकामुकीत फसतं. उरलेलं निम्मं नावाच्या घोळात.

मी काही वर्षं विक्रेत्यांचे अर्ज भरून देण्याच्या टेबलावर बसते आहे. खाली लिहिलेल्यांपैकी दोन-तीन चुका माझ्या स्वतःच्या आहेत. प्रभागातले अधिकारी, संघटनेचे कार्यकर्ते आणि नगर पथविक्रेता समितीवर (रस्त्यावरच्या विक्रीचे प्रश्न ठरवणारी शहराची समिती) निवडून येणाऱ्या बायका, या तिघांनाही त्या उपयोगी पडतील.

चुकीच्या वेळेला मोजणी

आम्ही एकदा महिला विक्रेत्यांची बैठक दुपारी चारला ठेवली. चहा, खुर्च्या, हजेरीचा कागद, सगळं तयार. सिडकोतल्या संध्याकाळच्या बाजारात चारला ताडपत्र्या अंथरल्या जातात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिघंजण आले, त्यातले दोघे नवरे.

विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात हीच चूक महागात पडते. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यानुसार पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करायचं असतं. म्हणजे अकराला आलेल्या पथकाला जी बाई दिसली नाही, ती पुढची पाच वर्षं कागदावर नाहीच. बुधवारचा बाजार गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भरतो. मोजणी मंगळवारी केली तर घाटावरच्या त्या शेकडो पाट्या कुणी पाहिल्याच नाहीत असं होतं.

उपाय साधा आहे, पण पाय मोडणारा आहे: प्रत्येक बाजारात पहाटे, दुपारी आणि दिवे लागल्यावर अशा तीन फेऱ्या, आणि आठवडे बाजाराला त्या वाराची वेगळी फेरी. बैठक घ्यायचीच असेल तर दुपारी दीड ते तीनच्या मध्ये, बाजारातच, ओट्यावर बसून घ्या. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं, बायका डबा खात असतात, आणि बोलतात.

मोजणीत नाव सुटलंच, तर तोंडी सांगत बसू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सोबत बाजार फीच्या जुन्या पावत्या जोडा. इथे एक बारीक गोष्ट: मशीनमधून निघणारी पावती उन्हात आणि घामात दोन महिन्यांत कोरी होते. मी पावत्यांचा अख्खा गठ्ठा घेऊन आलेली मावशी पाहिली आहे. एकावरही अक्षर उरलेलं नव्हतं. पावती मिळाली की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, स्वतःचा नसेल तर मुलीच्या मोबाईलवर.

गाडी त्याची, बसते ती

हातगाडी नवऱ्याच्या नावाची. तो सकाळी बाजार समितीतून माल आणून देतो आणि निघून जातो. दिवसभर उन्हात उभी राहते ती. मोजणीवाला विचारतो, 'गाडी कोणाची?' ती खरं उत्तर देते आणि स्वतःचं नुकसान करून घेते. प्रश्नच चुकीचा आहे. 'इथे रोज कोण विकतं?' असं विचारलं पाहिजे, आणि जी विकते तिचाच फोटो काढला पाहिजे.

कायद्याने विक्री स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसाकरवी करता येते. त्यामुळे नवऱ्याच्या नावाच्या विक्री प्रमाणपत्रावर ती बसली तर लगेच कोणी उठवत नाही, आणि म्हणूनच हा घोळ वर्षानुवर्षं कोणाला खुपत नाही. खुपतो तो पुढे. पथविक्रेता समितीच्या निवडणुकीत मत त्याचं. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं कर्ज (२०२० मध्ये पहिला हप्ता दहा हजारांचा होता, २०२५ मध्ये पंधरा हजारांचा झाला) त्याच्या खात्यात. तो वारला तर कायदा जोडीदाराला जागा चालवू देतो, पण त्या प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंतच. नवरा सोडून गेला असेल तर तेवढंही नाही.

दुसरी अडचण माहेरच्या नावाची. आधारवर सासरचं आडनाव, बँकेत माहेरचं, मतदार यादीत भलतंच काहीतरी. टेबलावरचा माणूस 'जुळत नाही' म्हणून अर्ज बाजूला ठेवतो. अर्ज घेण्याआधीच्या आठवड्यात बाजारात फिरून फक्त नावं तपासून घेतली, तर शेवटच्या दिवसाची रडारड वाचते. हे काम बचत गटातली एखादी चुणचुणीत मुलगी कोणत्याही कारकुनापेक्षा चांगलं करते.

आणि तो गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड? एकदा स्कॅन करून नाव वाचा. बऱ्याचदा तो मुलाच्या खात्याचा निघतो. पैसे आल्याचं डबडं ओरडतं तिच्या कानाशी आणि पैसे जातात दुसरीकडे. पुढचं कर्ज मागताना व्यवहार दाखवायला तिच्या खात्यात काहीच नसतं.

'शौचालय आहे' असं लिहून मोकळं होणं

ही चूक सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत निर्लज्ज. पाहणीच्या कागदावर एक रकाना असतो, त्यात बरोबरची खूण होते आणि पान उलटतं.

एका मावशींना मी विचारलं, पाणी का पीत नाही, एवढं ऊन आहे. म्हणाल्या, 'ताई, निघतानाच पीत नाय. घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावते.' आठ-नऊ तास. लघवीची जळजळ, ताप, मूतखडा ही बाजारातल्या बायकांची रोजची बोलणी आहेत, फक्त ती पुरुष कार्यकर्त्यासमोर होत नाहीत.

शौचालय असतंही. पण पहाटे बंद, कारण ते सकाळी सातला उघडतं. किंवा उघडं असतं तर दिवा नाही. दिवा असेल तर आतली कडी तुटलेली. सगळं धड असेल तर दारात तिघंचौघं पत्ते कुटत बसलेले. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा हिशेब ज्याने पहिल्यांदा लावला त्याला दिवसभर कोथिंबीर विकायला बसवलं पाहिजे. एका वेळेचे पाच रुपये धरले, तिनदा जायचं म्हटलं, तर पंधरा रुपये झाले. दोनशे-तीनशेच्या कमाईत ते कोण देणार?

मागताना 'शौचालय द्या' अशी मागणी करू नका. उत्तर 'आहे की' असं येतं. मागणी तुकड्यांत करा. पहिला टेम्पो येतो त्या वेळेला कुलूप निघालं पाहिजे. किल्ली बाजारातल्या दोन बायकांकडेही असली पाहिजे. बाजार फीची त्या दिवसाची पावती दाखवली की आत जायला पैसे नकोत. आणि मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटणारी अट: सफाईच्या ठेकेदाराचं महिन्याचं बिल निघण्याआधी कागदावर दोन विक्रेत्या बायकांची सही हवी. ही अट ठेक्यातच लिहून घ्या. नंतर घालता येत नाही. ते माझं अनुभवाचं बोलणं आहे.

मंडई बांधली म्हणजे बाजार बसला असं समजणं

गणेशवाडीच्या भाजी मंडईची गोष्ट नाशिककरांना सांगायला नको. इमारत उभी राहिली, वर्षानुवर्षं ओस पडली, आणि भाजीवाल्या गंगाघाटावरच बसत राहिल्या. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. गिऱ्हाईक ज्या वाटेने चालतं त्या वाटेवरच जुडी विकली जाते, आणि नाशवंत मालाला वाट बघायला वेळ नसतो. ज्याच्याकडे सुटे पार्ट किंवा कपडे आहेत तो महिनाभर कळ काढेल. मेथी संध्याकाळी पिवळी पडते.

पण बायका नव्या जागेला बिचकतात त्याचं आणखी एक कारण आहे, जे नकाशात दिसत नाही: शेजार. लघवीला जायचं, पोराला शाळेतून आणायचं, सुटे पैसे हवे, अंगावर धावून येणाऱ्या दारुड्याला हाकलायचं, हे सगळं शेजारणीच्या जिवावर चालतं. जागावाटपाची चिठ्ठी एकेकीच्या नावाने काढली की वीस वर्षांचा शेजार एका सकाळीत विस्कटतो. चिठ्ठी चार-पाच जणींच्या गटाने काढा. ओळ कोणतीही येऊ दे, गट एकत्र राहिला पाहिजे.

ओट्याची उंची मापताना एखाद्या साठीतल्या बाईला चढून दाखवायला सांगा. वरच्या मजल्याचा विषय तर काढूच नका. तान्ह्या पोराची झोळी बांधायला वर एक लोखंडी कडी ठोकून घ्यायला किती खर्च येतो?

फीबद्दल थोडक्यात: डोक्यावरच्या पाटीला आणि भरल्या हातगाडीला एकच दर लावू नका. आणि पावतीशिवाय पैसा देऊ नका, कोणीही मागो.

माल उचलला की रडत मागे धावणं

अतिक्रमण हटवणाऱ्यांची 'गाडी आली' अशी हाक उठली की पळापळ होते आणि पाट्या उलटतात. मोजणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवायचं नाही, असं कायदा म्हणतो. जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केलाच तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. ती यादी जागेवरच मागा. गाडी निघून गेल्यावर तीन कॅरेटचं एक होतं. मग दावा करा: नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा आहे, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. दावा दुसऱ्या दिवशी केला तर भाजी हातात येऊन उपयोग काय?

प्रतिनिधी बाईऐवजी तिचा नवरा चालवून घेणं

पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सरपंचपती गावात पाहिले, आता बाजारातही येतात. बैठकीच्या नोंदवहीत तिची सही, बोलला तो. अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत नवऱ्याला बाहेर बसवलं तर प्रश्न सुटतो. दुसरीपर्यंत थांबलात तर ती रीत होऊन बसते. निवडून आलेली बाई बैठकीला येते तेव्हा तिची दिवसाची विक्री बुडते, म्हणून बैठक भत्ता मागा.

पूर आणि सिंहस्थ

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गंगेवरची माणसं नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कुठपर्यंत आलं ते. टपरीवाल्यांना निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतो. त्या ग्रुपमध्ये बायका नसतात, साध्या फोनवाल्या तर नाहीतच. भोंग्यावरून सांगा, आणि ओळीतल्या एकीने पुढच्या दोघींना फोन करायचा अशी साखळी पावसाआधीच लावून ठेवा.

२०२७ च्या सिंहस्थात घाटावरून आणि पंचवटीच्या रस्त्यांवरून हलायला सांगितलं जाणार, हे धरूनच चाला. 'तात्पुरतं' या शब्दावर उठू नका. कुठे, किती दिवस, आणि परत याच जागी कोणत्या तारखेला, हे तिन्ही लिहून मागा. कागद हातात आला की घडी घालून कनवटीला लावण्याआधी तो कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यावर नाव नवऱ्याचं असेल तर सही न करता परत द्या.