ज्युनिअर्ससाठी कॅडचा व्हिडिओ करताना

गोव्यात फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय असो की पणजी-डिचोलीची तंत्रनिकेतनं, ड्रॉइंग कुणालाच चुकत नाही. पुढे कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल करणं, शिकताना सीनियरने केलेला व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो, कारण नवखा कुठे अडतो हे त्याला अजून आठवत असतं. मात्र एका व्हिडिओत एकच पार्ट (यंत्राचा सुटा भाग) घ्या. मेनूंची ओळख करून देणारे अर्ध्या तासाचे व्हिडिओ शेवटपर्यंत कोण बघतं!

सुरुवातीला फ्लँज, म्हणजे बोल्टसाठी भोकं असलेली गोल चकती, बरी: बाहेरचा व्यास १००, जाडी १२, ७५ पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) ११ व्यासाची ४ भोकं, सगळं मिलिमीटरमध्ये. फ्रीकॅड हे कॅड सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच करून पाहता येतं. मापांसकट ड्रॉइंग आधी दाखवा, म्हणजे बघणारा व्हिडिओ थांबवून उतरवून घेईल. फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन विभागात एक्सवाय प्लेनवर स्केच काढा, वर्तुळाचं केंद्र ओरिजिनला (शून्य बिंदूला) बांधा, व्यास द्या. स्केच पूर्ण बांधलं गेलं, म्हणजे सगळी मापं आणि जागा पक्क्या झाल्या, की रेषा हिरव्या होतात. तो हिरवा रंग दिसेपर्यंत पॅड करू नका, म्हणजे स्केचला जाडी देऊ नका, आणि हे व्हिडिओत स्पष्ट सांगा.

खरा घोळ भोकाशी होतो. पीसीडी हा व्यास, त्यामुळे केंद्रापासून भोकाचं अंतर ३७.५. घाईत ७५ टाकलं की भोक प्लेटीच्या बाहेर पडतं आणि पॉकेट ही कापायची आज्ञा काहीच कापत नाही. ही चूक कापून टाकू नका; मुद्दाम करा, काय दिसतं ते दाखवा, मग दुरुस्त करा. तयार, बिनचूक मॉडेल बघून कुणी शिकत नाही. एक भोक आरपार झालं की पोलर पॅटर्न, म्हणजे तेच भोक गोलाकार पुन्हा पुन्हा उमटवणं: अक्ष झेड, ३६० अंश, संख्या ४. अक्ष चुकीचा निवडला तर भोकं हवेत फिरतात, तेही दाखवून टाका. कडांचे फिलेट (गोलाई) अगदी शेवटी. आधी केले आणि मग माप बदललं, तर ते मोडण्याची शक्यता जास्त.

पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर पुरतं: १९२०×१०८०, सेकंदाला ३० फ्रेम. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा. पावसाळ्यात मधेच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग बहुधा वाचतं, साध्या एमपी४चा भरवसा नाही. नंतर ओबीएसमधल्याच रीमक्स या सोयीने त्याचं एमपी४ करता येतं. बहुतेक मुलं फोनवर बघतात, म्हणून विंडोजचं स्केलिंग १५० टक्के करा, नाहीतर आयकॉन मुंगीएवढे दिसतात. रेकॉर्डिंगमध्ये पडदा काळाच आला तर लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स कार्डं हे नेहमीचं कारण. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसचं कार्ड बदलून बघा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तेव्हा फक्त पडदा रेकॉर्ड करा, आवाज नंतर भरा. आज्ञांची नावं पडद्यावर दिसतात तशीच घ्या, बाकी बोला मराठीत.

माउसची कुठली नेव्हिगेशन स्टाइल (मॉडेल फिरवायला कुठली बटणं) वापरताय ते सुरुवातीलाच सांगा. मॉडेल फिरवताच येत नाही म्हणून कित्येक जण तिथेच सोडून देतात. व्हिडिओसोबत मूळ फाइल द्या आणि फ्रीकॅडची आवृत्ती लिहा. नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत नीट उघडेलच असं नाही.