घरात जुना कॅमेरा सापडलाय? फिल्म कशासाठी वापरायची, डिजिटल कशासाठी

साताऱ्यात आमचा स्टुडिओ वडिलांच्या काळापासून आहे. दर महिन्याला कोणीतरी कपाटातला जुना कॅमेरा घेऊन येतं आणि विचारतं, "काका, ह्यावर फोटो निघतील का?" निघतात. पण कशाचे काढायचे, ते आधी ठरवा. मी एकच प्रश्न विचारतो: समोरचा क्षण पुन्हा मिळणार आहे का? मिळणार नसेल तर डिजिटल. समोरचं माणूस तुमच्यासाठी थांबणार असेल तर खुशाल रोल भरा.

लग्न डिजिटलवरच घ्या. शेवटची मंगलाष्टक संपते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. एका लग्नात घाईघाईत भरलेल्या रोलची पट्टी माझ्या कॅमेऱ्यात दात्यांवर बसलीच नव्हती. रोल ३६ फोटोंचा, आणि आकडा ३६ च्या पुढे गेला तरी फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर फिरतोय, तेव्हा पोटात गोळा आला. एकही फोटो उमटला नव्हता. नवरीच्या वडिलांना ते सांगायला गेलो तेव्हाचा त्यांचा चेहरा आजही डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून रोल भरला की आधी ढिला भाग गुंडाळून घट्ट करतो, मग लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरतेय का ते बघतो. ती फिरली तरच फिल्म पुढे सरकतेय. डिजिटलवर हा धोका नाही, पण कार्ड दगा देऊ शकतं. म्हणून दोन कार्डांचा कॅमेरा घ्या आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे साठेल असं सेटिंग करा.

कासला सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात. फूल बोटाच्या पेराहून लहान, वारा क्षणभर थांबत नाही. पंचवीस फोटोंत एक नीट येतो. तिथे फिल्म घालवू नका. पक्षी, रात्रीचं आकाश, खेळ यांनाही डिजिटलच.

आजीचा फोटो काढायचा असेल, तर मात्र फिल्मच. माझ्याकडे वडिलांचा याशिका मॅट १२४जी आहे, दोन भिंगांचा. त्यात १२० चा, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्महून रुंद रोल बसतो आणि बाराच फोटो मिळतात. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं. तोंडापुढे यंत्र नसल्यामुळे आजी तुमच्याशी बोलत राहते, पदर सारखा करते, हात मांडीवर ठेवते आणि विसरते. तेव्हा बटण दाबायचं. मागे पडदा नाही, त्यामुळे "दाखव बरं" म्हणून कोणी मधेच उठत नाही.

उजेडाचं गणित दोन्हींत उलटं आहे. निगेटिव्ह फिल्मला थोडा जादा उजेड चालतो, कमी पडलेला चालत नाही. ४०० चा रोल (हा आकडा म्हणजे आयएसओ, फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते) असला तरी मी उजेड मोजणारं मीटर २०० वर ठेवतो, म्हणजे फिल्मला जादा उजेड मिळतो. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की त्यात परत काही आणता येत नाही. वारीत दुपारच्या उन्हातल्या टोप्या बघा: डिजिटलवर जरा चूक झाली की कोरा कागद, निगेटिव्हवर टोपीची घडी शाबूत. म्हणून डिजिटलवर फोटो काढताना पांढऱ्यावर नजर ठेवा, फिल्मवर सावलीवर. रिंगणात अश्व धावतो तेव्हा मी डिजिटल हातात घेतो, शटर सेकंदाच्या १/१००० वर. दुपारी दिंडी झाडाखाली विसावली की फिल्मचा कॅमेरा बाहेर काढतो.

खर्च आधीच मोजा. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांची बेरीज करून रोलमधल्या फोटोंच्या आकड्याने भागा, ३५ मिलिमीटरला ३६ ने. येणारा आकडा जड वाटला, तर काळा-पांढरा रोल घरी धुवायला शिका. एचपी५ प्लस या काळ्या-पांढऱ्या फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फोटो उमटवणारं रसायन), तयार द्रावणात आणखी पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटर लावा. रंगीत रोलला ३७.८ अंश नेमके सांभाळावे लागतात. सुरुवातीला तो लॅबलाच द्या.

जुना कॅमेरा वापरण्याआधी रिकामाच मागून उघडा. खिडकीकडे धरा, ॲपर्चर (भिंगातलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा, शटर 'बी' वर ठेवून बटण दाबून धरा (धरलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) आणि भिंगातून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर बदलून घ्या, नाहीतर तिथून उजेड शिरेल. मग शटर एका सेकंदावर ठेवून ऐका. 'एक हजार एक' म्हणून होईपर्यंत बंद व्हायला हवं.

पहिला रोल काळा-पांढरा, ४०० चा घ्या आणि घरातल्याच माणसांवर संपवा. प्रत्येक फोटोचं ॲपर्चर आणि शटर वहीत लिहा, धुतलेली पट्टी हातात आली की त्या वहीशी लावून बघा. आणि ३५ मिलिमीटरचा रोल संपला की खालचं बटण दाबून तो पूर्ण उलटा गुंडाळा, चकती हलकी फिरायला लागली की मगच मागचं झाकण उघडा.