एफडीवरच्या क्रेडिट कार्डाने सिबिल कसं सावरावं: शुल्क, तक्रार आणि कार्ड बंद करणं

सिबिल घसरलं की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. कुणी म्हणतं चार-पाच कार्डं काढा, कुणी म्हणतं कार्डाचं नावही घेऊ नका, आणि कुणी तर पैसे घेऊन 'स्कोअर साफ' करून द्यायला बसलेलाच असतो. लोकांच्या कर्जाच्या फायली तयार करून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या सल्ल्यांची फळं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. एफडीवरचं कार्ड, म्हणजे बँकेतली मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड, हा सावरण्याचा चांगला मार्ग आहे, यात वाद नाही. पण असं कार्ड घेतलेली माणसं क्वचितच उधळपट्टीने अडकतात. अडकतात ती पाचशे-सहाशे रुपयांच्या शुल्कात, आणि ते लागलंय याचा त्यांना पत्ताच नसतो.

आधी रिपोर्ट

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ३०० ते ९०० मधला तो स्कोअरचा आकडा थोडा वेळ विसरा आणि खाली खात्यांच्या यादीत शिरा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात. त्यात ००० म्हणजे हप्ता वेळेवर, दुसरा आकडा असेल तर तितके दिवस उशीर. एखाद्या जुन्या कर्जापुढे 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) किंवा 'सेटल्ड' (कमी रकमेवर मिटवलेलं) असा शेरा असेल आणि राहिलेले पैसे भरण्याची ऐपत असेल, तर आधी ते भरून बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. तो शेरा तसाच ठेवून नवं कार्ड काढणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं.

आणि खरी नोंद पैसे घेऊन कुणीही पुसून देऊ शकत नाही. तसं सांगणाऱ्याला ओटीपी तर सोडाच, पॅन नंबरही देऊ नका.

कार्ड निवडताना

जिथे आधीपासून बचत खातं आहे, त्या बँकेत विचारा. एफडीच्या साधारण ७५ ते १०० टक्के खर्चाची मर्यादा मिळते, एफडीवर लीन लागते (म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही), व्याज नेहमीसारखं चालू राहतं. वर्ष-दोन वर्षं हात लावावा लागणार नाही असेच पैसे त्यात ठेवा.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो मी सतत ऐकतो: "एफडी आहे ना, बिल राहिलं तर त्यातून कापून घेतील." घेतील, पण शेवटी. त्याआधी लेट फी लागते, व्याज चढतं आणि थकबाकी रिपोर्टमध्ये जाते. एफडी हे बँकेचं संरक्षण आहे, तुमच्या सिबिलचं नाही.

शुल्कांचा तक्ता अर्जाच्या आधी मागून घ्या. अर्जासोबत एका पानाचं मुख्य अटींचं पत्रक देणं बँकेवर बंधनकारक आहे, ते शाखेतल्या मुलाने तोंडी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा जास्त खरं असतं. वार्षिक शुल्क, लेट फी, रोख काढण्याचं शुल्क आणि मासिक व्याजदर, एवढ्या चार ओळी नीट वाचा. प्रत्येक शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. 'फ्री' या शब्दाला भुलू नका. पहिल्या वर्षापुरतं फ्री, ठरावीक खर्च केला तर फ्री आणि कायमचं फ्री या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यातलं नेमकं कोणतं, ते ईमेलवर लेखी घ्या. तो ईमेल पुढे लागणार आहे.

कार्ड चालू करताना फोनवर कुणी कार्ड प्रोटेक्शन किंवा विमा गळ्यात मारायला लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या उघड संमतीशिवाय बँकेला तो लावता येत नाही, पण "हं, हं" केलेलंसुद्धा समोरचा संमती म्हणून नोंदवू शकतो.

वापर

यात फार काही नाही. एखादं दर महिन्याचं छोटं बिल कार्डावर टाका, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहा, आणि ऑटो-डेबिट 'टोटल ड्यू'वर (पूर्ण बिलावर) लावा, 'मिनिमम ड्यू'वर (बँकेने मागितलेल्या किमान रकमेवर) नाही. मिनिमम भरून उशिराचा शिक्का टळतो, पण बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, आणि त्या व्याजावर जीएसटी धरला की जवळपास ५० टक्के. क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही असं अजूनही काही जण छातीठोकपणे सांगतात. तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, विषय संपला.

नको ते शुल्क लागलं तर

आता खरं काम. सोपं वाटतं, फोन केला की झालं. पण मला स्वतःला याची घडी बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि बहुतेकांचं सावरत आलेलं सिबिल इथेच पुन्हा घसरतं.

नेहमीचा प्रकार असा. कार्ड वर्षभर जेमतेम वापरलेलं. स्टेटमेंट जुन्या ईमेलवर जातंय. तेराव्या महिन्यात ४९९ रुपये वार्षिक शुल्क आणि ८९.८२ जीएसटी, मिळून ५८८.८२ चं बिल येतं. माणसाला ते कळतं तेव्हा लेट फीही चढलेली असते. मग तो चिडतो, "कार्ड फ्री आहे, मी एक पैसा भरणार नाही" म्हणतो आणि दोन महिने कस्टमर केअरशी भांडत बसतो. बाजू त्याची खरी असते. पण तोवर रिपोर्टमध्ये तीस, साठ दिवसांचा उशीर लागून गेलेला असतो.

म्हणून माझा पहिला नियम, यावर मी कुणाचंही ऐकत नाही: आधी भरा, मग भांडा. वाद चालू असताना थकबाकीची माहिती शक्यतो पाठवू नये असं नियमांत आहे खरं, पण त्यातल्या 'शक्यतो' या शब्दावर तुमचं पुढचं गृहकर्ज टांगून ठेवू नका. भरताना ईमेलमध्ये एक ओळ लिहा की हे शुल्क मला मान्य नाही, नोंद खराब होऊ नये म्हणून भरतो आहे. भरल्याने तक्रारीचा हक्क जात नाही.

वेळेचा हिशेब नीट समजून घ्या. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेला लेट फी लावता येते आणि थकबाकी कळवता येते. म्हणजे तीन दिवसांची सूट आहे. पण ते तीन दिवस उलटले की उशीर मूळ देय तारखेपासूनच मोजतात. लेट फीसुद्धा देय तारखेनंतर शिल्लक राहिलेल्या रकमेवरच लागायला हवी, पूर्ण बिलावर नाही. स्टेटमेंटमध्ये हा हिशेब स्वतः करून बघा.

फोन नंबर कार्डाच्या मागचाच लावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरांवर किती लोक लुबाडले जातात, ते वेगळं सांगायला नको. फोन लागला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "सर, मी रिक्वेस्ट टाकून देते." थांबा. म्हणा, "रिक्वेस्ट नको, कम्प्लेंट नोंदवा आणि नंबर द्या." रिक्वेस्ट म्हणजे तुम्ही मेहरबानी मागताय, आणि ती नाकारली की फाइल बंद. कम्प्लेंटचं लेखी उत्तर मागता येतं. समोरची मुलगी वा मुलगा पगारी माणूस आहे, शुल्क त्याने लावलेलं नाही. आवाज चढवून काही हाती लागत नाही. नाव, तारीख, वेळ, तक्रार क्रमांक वहीत लिहा आणि फोन ठेवा.

मग त्याच दिवशी ईमेल. नुसत्या फोनच्या भरवशावर राहिलात तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाताना अडचण येते, कारण तिथे आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. ईमेल लांबलचक नको. मी लोकांना लिहून देतो तो साधारण असा:

"माझ्या कार्डावर (शेवटचे चार अंक अमुक) अमुक तारखेच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक शुल्क ४९९ रुपये आणि जीएसटी ८९.८२ रुपये लावले आहेत. कार्ड देताना वार्षिक शुल्क नाही असं आपण अमुक तारखेच्या ईमेलने कळवलं होतं, तो सोबत जोडला आहे. दोन्ही रकमा आणि त्यावरची लेट फी परत करावी. क्रेडिट माहिती कंपन्यांकडे उशीर कळवला असल्यास तो दुरुस्त करावा. तक्रार क्रमांक अमुक."

बस. आयुष्यभराची कहाणी लिहू नका, 'मानसिक त्रास' वगैरे पहिल्याच ईमेलमध्ये नको. पूर्ण कार्ड नंबर तर कधीच नको.

यानंतर दोन सापळे येतात. पहिला: दोन-तीन दिवसांत 'आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे' असा एसएमएस. एका बँकेने माझ्या स्वतःच्या कार्डाबाबत असे एसएमएस एकामागोमाग पाठवले आणि स्टेटमेंटमध्ये एक रुपयाही हलला नव्हता. असा एसएमएस आला की लगेच उत्तर द्या: निराकरण झालेलं नाही, तक्रार पुन्हा उघडा. गप्प बसलात तर त्यांच्या दप्तरी तुम्ही समाधानी.

दुसरा सापळा जास्त वाईट, कारण तो तुम्ही जिंकल्यावर येतो. बँक शुल्क परत करते, तुम्ही खूश. पण पुष्कळ बँका मूळ शुल्क परत करतात आणि त्यावरचा जीएसटी करत नाहीत. तसं त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं. आधी काही भरलं नसेल, तर ते ८९.८२ रुपये खात्यावर बाकी राहतात. लेट फी लागो न लागो, बाकी ती बाकीच. शुल्क माफ झालं म्हणून कार्ड कपाटात टाकलेल्यांचे रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यामुळे रिव्हर्सलनंतरच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये एकूण देय शून्य किंवा उणे दिसेपर्यंत प्रकरण मिटलं असं समजू नका.

ईमेलला नीट उत्तर आलं नाही तर बँकेच्या वेबसाइटवरून नोडल अधिकाऱ्याचा (तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याचा) पत्ता काढून तोच ईमेल पुढे पाठवा. नवा मजकूर लिहायची गरज नाही. पहिल्या लेखी तक्रारीपासून ३० दिवस उलटले, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत. वकीलही लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेतच नाहीत. फक्त रेंगाळू नका, तक्रारीला मुदत असते. माझा अनुभव असा की लोकपालाकडे नोंद होताच बँकेतून फोन येतो, आणि बोलण्याचा सूर अगदीच वेगळा असतो.

रिपोर्टमधली चूक

शुल्क परत मिळालं म्हणजे रिपोर्ट आपोआप सुधारला असं नाही. महिनाभराने रिपोर्ट पुन्हा काढा. उशीर तसाच असेल तर त्या क्रेडिट माहिती कंपनीच्या साइटवर वाद नोंदवा आणि बँकेलाही कळवा, दोन्हीकडे एकाच दिवशी. कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते. दोघांना मिळून ३० दिवस आहेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

कार्ड बंद करताना

स्कोअर वर आला, साधं कार्ड मिळालं, की एफडीवरचं लगेच बंद करायची घाई नको; ते फुकट असेल तर राहू द्या, जुनं खातं उपयोगी पडतं. शुल्क लागणार असेल तर मात्र वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी बंद करा.

सगळी बाकी भरून अर्ज अ‍ॅप, ईमेल किंवा हेल्पलाइनवरून द्या. पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे बँकेने तुम्हाला ५०० रुपये द्यायचे असतात. हे एक वाक्य ईमेलमध्ये घातलं की "वर्षभर शुल्क माफ करतो, ठेवा ना सर" असे फोन कमी होतात. तरी आलेच, तर फोनवर हो-नाही काही बोलू नका. अर्ज लेखी दिला आहे एवढंच सांगा.

कार्ड बंद होणं आणि एफडी मोकळी होणं ही दोन वेगळ्या विभागांची कामं असतात. कार्ड बंद झाल्याचा ईमेल घेऊन शाखेत जा आणि लीन काढल्याची नोंद तुमच्यासमोर स्क्रीनवर बघा. एफडीचं आपोआप नूतनीकरण होत असेल तर मुदत संपायच्या आधीच हे उरका, नाहीतर लीनसकट ती पुढच्या मुदतीला लागते. त्यानंतर महिनाभराने रिपोर्टमध्ये या कार्डापुढे 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य आहे का, ते तपासा.