सीडी करताना फायनलाइझची टिक आधी बघा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका जुन्या कॅसेटवर होत्या. गेल्या वर्षी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, पाच सीड्या केल्या आणि तिच्या वर्षश्राद्धाला आत्याकडे नेल्या. एकही लागली नाही. आता दुसरी कॅसेट सापडली आहे आणि पुन्हा सीड्या करायच्या आहेत, म्हणून सगळं लिहून काढतोय. तुम्हालाही घरच्या घरी असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल. एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही: सीडी फायनलाइझ करा, म्हणजे लिहून झाल्यावर ती कायमची बंद करा.

रायटर, म्हणजे सीडी लिहिणारा ड्राइव्ह हवा, हे उघड आहे. लॅपटॉपमध्ये नसेल तर यूएसबीचा मिळतो. चार्जर लावलेला असू द्या.

कोऱ्या सीड्या आणताना ‘सीडी-आर’ मागा, ती एकदाच लिहिता येते. ‘सीडी-आरडब्ल्यू’ पुसून पुन्हा वापरता येते म्हणून मोह होतो, पण तिच्यावरून प्रकाश खूपच कमी परततो आणि जुन्या प्लेयरला ती वाचता येत नाही. ज्यांच्यासाठी सीडी करतोय त्यांच्याकडे जुनेच प्लेयर असतात. डीव्हीडी करणार असाल तर आर आणि आरडब्ल्यूचा फरक तिथेही आहेच, शिवाय मायनस (डीव्हीडी-आर) आणि प्लस (डीव्हीडी+आर) अशा दोन जाती आहेत. प्लेयर फार जुना असेल तर मी मायनस आर घेईन. पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो. दुकानदाराने फसवलेलं नाही, कॉम्प्युटर १०२४ ने भागतो. ब्लू-रेला रायटरच वेगळा लागतो, आपल्याला त्याची गरज नाही.

मग मिनिटं मोजा. ऑडिओ सीडीत एमबी बघायचे नसतात. सीडी ८० मिनिटांची, मग तुमची एमपी३ फाइल कितीही छोटी असो, कारण ऑडिओ सीडी करताना ती पुन्हा पूर्ण आकारात उलगडली जाते. माझी नवी कॅसेट ९० ची आहे, दोन्ही बाजू भरलेल्या. एका सीडीवर मावणार नाही, म्हणून ए बाजू एकीवर आणि बी बाजू दुसरीवर. हे आदल्या रात्री अकरा वाजता कळू नये. त्याच फाइली डेटा सीडीवर, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या नुसत्या फाइली म्हणून, एमपी३ टाकल्या तर बारा-बारा तास मावतात, पण प्लेयरवर ‘एमपी३’ असं लिहिलेलं असेल तरच. फोन करून विचारा. आत्याच्या प्लेयरवर नाही.

डेटा सीडी करायची असेल आणि फाइलींची नावं मराठीत असतील तर रायटिंगच्या प्रोग्रॅममधली ‘जोलिएट’ ही नावं जपणारी सोय चालू ठेवा, नाहीतर नावांचा चुराडा होतो. विंडोज सीडी घातल्यावर विचारतं, यूएसबीसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी. दुसरंच निवडा. पहिल्या पर्यायाची सीडी घरच्या प्लेयरवर लागेल अशी आशा धरू नका.

आता मुख्य गोष्ट. रायटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, ‘बर्न’च्या बटणाच्या आसपास कुठेतरी, ‘फायनलाइझ डिस्क’ किंवा ‘क्लोज डिस्क’ अशी टिक असते. ती मी गेल्या वर्षी काढून टाकली होती. वाटलं, जागा उरली आहे, पुढे आणखी काही भरता येईल. सीडीच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका असते: कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते. ती सीडी बंद करतानाच लिहिली जाते. तोवर ती माहिती तात्पुरत्या जागेत असते आणि ती जागा फक्त रायटरला वाचता येते. म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर पाचही सीड्या छान वाजल्या. मी खात्री करून निघालो होतो, आणि ती खात्री खोटी होती. आत्याच्या प्लेयरने सीडी आत घेतली, दोनदा घरघरला, थांबला, आणि हिरव्या अक्षरांत ‘नो डिस्क’. आत्या पदर सावरून जवळ येऊन बसली होती. ‘लागत नाही का रे?’ एवढंच म्हणाली. आईचा आवाज ऐकायला ती सकाळपासून थांबली होती.

तेव्हा फायनलाइझ करा. ऑडिओसाठी ‘डिस्क-ॲट-वन्स’ निवडलं तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात लिहून सीडी आपोआप बंद होते, आणि दोन ओव्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतताही घुसत नाही. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’, म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा लिहिणं, निवडलं तर फायनलाइझची टिक तपासा. ‘मल्टिसेशन’ (पुढे आणखी भरण्यासाठी सीडी उघडी ठेवणं) दिसलं तर ते बंद करा. उरलेल्या जागेचा लोभ नको, कोरी सीडी स्वस्त आहे.

लिहिण्याचा वेग ४८एक्स वर नको, १६एक्स पुरे. लिहिताना बाकी काही चालवू नका. ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघणं) असेल तर करा.

आणि तपासणी रायटरवर करू नका! शेजारच्यांच्या प्लेयरवर, गाडीत, कुठेही, पण जे यंत्र फक्त वाचतं त्यावर. पहिली सीडी तिथे लागली की मगच उरलेल्या करा.

नाव मार्करने लिहा, बॉलपेनने नाही. सीडीवर ज्या थरात लिहिलं जातं तो छापील बाजूलाच असतो, वर नुसता पातळ लेप. स्टिकर नको. ओव्यांची यादी कागदावर द्या, प्लेयर फक्त नंबर दाखवतो. कॅसेटवरून घेतलेल्या मूळ, न दाबलेल्या वेव्ह फाइली हार्ड डिस्कवर ठेवा.

गेल्या वर्षीच्या सीड्या भावंडांकडे अजून तशाच, फायनलाइझ न केलेल्या, पडून आहेत. त्या या वेळी घेऊन यायला सांगितलंय. लिहिलेलं काही गेलेलं नाही, रायटरमध्ये घालून ‘क्लोज डिस्क’ केलं की झालं. लॅपटॉप आणि रायटर दोन्ही बरोबर नेतोय.